रिकाम्या चौथऱ्यापासून असईच्या हत्तीपर्यंत

भोकरदन तालुक्यात मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी दिवाळीनंतर आठवीची मुलं घेऊन असईला जायचे. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेला आर्थर वेल्स्लीनं इथे हरवलं. मुलांना शेताच्या बांधावर उभं करून दाखवायचे, इथे आपल्या तोफा होत्या, नदी उतरून गोरे तिकडून आले. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, ती घागरा पलटण तर इंग्रजांची नव्हती म्हणता, स्कॉटलंडची होती. मग ते इंग्रजांसाठी एवढ्या लांब मरायला का आले?" मी तिला म्हटलं, "पगारासाठी." उत्तर चूक नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं, आणि ते मलाच माहीत होतं.

निवृत्तीनंतर वाचत बसले तेव्हा धागा मागे मागे जात १६ एप्रिल १७४६ ला पोचला. स्कॉटलंडमधलं कलोडनचं माळरान, आणि तिथे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बंडखोरांना हरवून जिंकलेला सेनापती. त्याला पंचविसावं वर्ष पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. विल्यम ऑगस्टस, ड्यूक ऑफ कंबरलंड, राजा दुसऱ्या जॉर्जचा धाकटा मुलगा. माझी लेक लंडनजवळ स्लाऊला नोकरी करते. तिला म्हटलं, यंदा मला राजवाडे नकोत, या माणसाच्या मागावर ने. तिनं आठवडाभर रजा काढली. एप्रिलच्या मध्यात आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस : लंडन

ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीतून दोन मिनिटं आत वळलं की कॅव्हेंडिश स्क्वेअर लागतो. मधोमध झाडं, बाकं, डबे उघडून जेवणारी ऑफिसातली माणसं, आणि एक भला मोठा दगडी चौथरा. वर काहीच नाही.

चौथऱ्यावरचा मजकूर वाचता येतो. ड्यूकच्या हाताखालच्या एका सेनाधिकाऱ्यानं, विल्यम स्ट्रोडनं, १७७० साली त्याचा घोड्यावरचा पुतळा इथे उभारला. त्यानं केलेल्या खासगी उपकारांबद्दल कृतज्ञता आणि सार्वजनिक सद्गुणांचा गौरव, असं लिहिलं आहे. १८६८ मध्ये पुतळा काढला गेला, आणि चौथरा तेव्हापासून रिकामा. २०१२ साली एका कोरियन शिल्पकर्तीनं त्यावर तोच पुतळा साबणाचा करून बसवला होता. पावसात तो झिजत गेला आणि काही वर्षांनी उतरवला. लेकीनं जुने फोटो मोबाइलवर काढून दाखवले. घोड्याचा पाय गळालेला, आतली सळई बाहेर आलेली. मी बराच वेळ बाकावर बसून राहिले. आपल्याकडे पुतळे बसवण्याची घाई असते. बसवलेला पुतळा काढून घ्यायचा आणि चौथरा मात्र नावासकट ठेवायचा, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबी. सातव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये सगळे जण मान वर करून छताची नक्षी पाहतात. आम्ही मान खाली घालून फरशा वाचत फिरलो. आईवडिलांजवळच त्याला पुरलं आहे, फरशीवर नुसतं नाव. ३१ ऑक्टोबर १७६५ ला गेला तेव्हा वय ४४, लग्न केलेलं नाही.

ॲबीचं तिकीट महाग आहे. ऑनलाइन आधी काढलं तर निदान रांग टळते. रविवारी मात्र प्रार्थनेसाठीच उघडं असतं, पाहायला नाही. त्यामुळे सहलीची सुरुवात शनिवारी करा, आम्ही तशीच केली.

दुसरा दिवस : विंडसर

स्लाऊहून विंडसर हाकेच्या अंतरावर. रविवार होता आणि ऊन पडलं होतं. लोक किल्ल्याकडे निघाले, आम्ही ग्रेट पार्ककडे. लढाई जिंकून आल्यावर ड्यूकला या राखीव रानाचं रेंजरपद मिळालं. तो राहायचा त्या वाड्याला आजही कंबरलंड लॉज म्हणतात. तिथे आता एक शैक्षणिक संस्था चालते. व्हर्जिनिया वॉटर नावाचं मोठं तळं त्यानंच थॉमस सँडबी याच्या मदतीनं करवून घेतलं. तळ्याकाठी बदकांना खाऊ घालणारी लहान मुलं, त्यांच्या मागे धावणाऱ्या आया. इथे जे सुंदर आहे त्यात पुष्कळसं याच माणसाचं, हे सारखं आठवत होतं.

आम्हाला पाहायचा होता तो ओबेलिस्क, सॅव्हिल गार्डनजवळचा उंच दगडी खांब. दुसऱ्या जॉर्जनं मुलाच्या पराक्रमासाठी तो उभारला. लेख वडिलांच्या कृतज्ञतेविषयी बोलतो. आम्ही वाचत होतो तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. साडी नेसलेली बाई हा खांब इतका निरखून का पाहते, याचं त्यांना कुतूहल वाटलं असावं. लेकीनं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही जो शब्द शोधताय तो इथे सापडायचा नाही. कलोडन हे नाव व्हिक्टोरिया राणीनं काढून टाकायला लावलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो." राणीला स्कॉटलंडचं वेड होतं, बाल्मोरलला तिचं घर होतं. तिच्याच घराण्यातला हा विजय तिला दगडावर नको झाला.

विजय मिळाला तेव्हा मात्र चित्र वेगळं होतं. पार्लमेंटनं त्याचं वर्षासन १५ हजार पौंडांवरून ४० हजारांवर नेलं. संगीतकार हँडेलनं त्याच्या गौरवासाठी ज्यूडास मॅकाबियस हे संगीतकाव्य रचलं आणि ते एप्रिल १७४७ मध्ये गायलं गेलं. पण त्याच सुमारास लंडनच्या एका व्यापारी संघात त्याला मानाचं सदस्यत्व द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा एक आल्डरमन, म्हणजे नगरसभेतला ज्येष्ठ सभासद, म्हणाला, मग खाटकांच्या संघातच द्या. 'बुचर', खाटीक, हे नाव त्याला शत्रूंनीच दिलं असं मी समजत होते. ते त्याच्या बापाच्या राजधानीतही फिरत होतं.

बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आजोबांनाही दिली. चटणी तिखट लागली तरी त्यांनी संपवली आणि जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेले. याच रानात ड्यूकचा घोड्यांचा कारखाना होता. १ एप्रिल १७६४ च्या सूर्यग्रहणात जन्मलेलं एक शिंगरू म्हणजे एक्लिप्स. ते पळायला लागण्याआधीच ड्यूक वारला आणि घोडा विकला गेला. पुढे एक्लिप्स १८ शर्यती पळाला, एकही हरला नाही. आज जगभरच्या शर्यतीच्या बहुतेक घोड्यांची पितृवंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते. म्हणजे महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्यांचीही. लेक म्हणाली, "आई, लढाईतलं नाव खोडलं, पण घोड्याचं राहिलं बघ."

ग्रेट पार्क फार पसरलेलं आहे. ओबेलिस्क, सॅव्हिल गार्डन आणि व्हर्जिनिया वॉटर हे तिन्ही एका दिवसात करायचं तर बूट चांगले हवेत आणि डबा बरोबर हवा. पार्कात चालायला तिकीट नाही, बागेला आहे.

तिसरा दिवस : कार्लाइल

युस्टनहून गाडी, साडेतीन तासांत कार्लाइल. लाल दगडाचं सीमेवरचं शहर, आणि तसाच लाल, बुटका, रुंद किल्ला.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्टुअर्ट घराण्याची गादी १६८८ मध्ये गेली होती. ती परत मिळवायला चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट १७४५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सहून मूठभर माणसांनिशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला. हायलंड, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली पुष्कळ कुळं त्याच्या मागे उभी राहिली. यांना जॅकोबाइट म्हणतात. एडिंबरा घेऊन, कार्लाइल घेऊन ते पार डर्बीपर्यंत पोचले आणि ६ डिसेंबरला मागे फिरले. कंबरलंड तेव्हा नुकताच फाँतनोयला फ्रेंचांकडून हरून आला होता. त्याला यांच्या पाठलागावर सोडलं. कार्लाइलमध्ये चारशेच्या आसपास माणसं किल्ला धरून होती. त्यानं व्हाइटहेवनहून जड तोफा ओढून आणल्या आणि ३० डिसेंबरला किल्ला पडला.

आतमध्ये एक काळोखी खोली दाखवतात. कोंडलेले कैदी तहानेनं भिंतीच्या ओल्या दगडांना जीभ लावायचे अशी आख्यायिका आहे. दगडांना खरंच गुळगुळीत खळगे आहेत. लेकीनं बोट लावून पाहिलं आणि लगेच काढून घेतलं. आम्ही तिथून लवकर बाहेर पडलो.

संध्याकाळी मसुरीचं सूप आणि पाव. हे सूप स्कॉटलंडभर मिळतं आणि चवीला पातळ वरणाच्या जवळ जातं. पण पुष्कळदा ते मांसाच्या रश्श्यात शिजवतात, म्हणून शाकाहारी माणसानं आधी विचारून मागावं.

चौथा दिवस : इनव्हर्नेस

दिवस गाडीतच गेला. पर्थच्या पुढे गाडी तासभर रखडली, पण रागावले नाही, कारण खिडकीबाहेर डोंगरांवर अजून बर्फ होतं आणि हरणांचे कळप रुळांजवळ उतरले होते. एवढा निर्मनुष्य मुलूख मी पाहिला नव्हता. वाटेत पडलेली दगडी घरं दिसत होती, छप्पर नसलेली, मेंढ्या आत शिरलेल्या.

आम्ही एका घरगुती बी अँड बीमध्ये उतरलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मग काय, आमच्या गप्पा थांबेनात. मी कंबरलंडचं नाव घेतलं तशी त्यांनी कपाट उघडून वाळवलेली पिवळी फुलं काढली. गुरांना बाधणारं हे एक तण, याला इकडे 'स्टिंकिंग बिली' म्हणतात, घाणेरडा विल्यम. "माझी आजी शेतातून हे उपटताना दर वेळी त्याचं नाव घ्यायची," त्या म्हणाल्या, "तिला दुसरा इतिहास ठाऊक नव्हता." पावणेतीनशे वर्षं झाली तरी एक शिवी तणासारखी तगून राहते!

संध्याकाळी नदीकाठच्या जुन्या चर्चच्या आवारात गेलो. लढाईनंतर जखमी कैद्यांना इथे डांबलं आणि आवारातच गोळ्या घातल्या असं सांगतात. एका थडग्यापाशी कैद्याला बसवायचे, समोरच्या दुसऱ्या दगडावर बंदूक टेकवायचे. तो दगड दाखवतात. मधलं अंतर मी पावलांनी मोजू लागले आणि मध्येच थांबले.

पाचवा दिवस : कलोडन

सकाळी मालकीणबाईंनी मीठ घातलेलं ओटचं पॉरिज दिलं आणि ओटकेक. ओटकेक म्हणजे छोटी, खुसखुशीत, कोरडी भाकरीच. त्यांनी चार पुरचुंडीत बांधून दिले. म्हणाल्या, "त्या माणसांना आदल्या दिवशी एकेक बिस्किट मिळालं होतं. तुम्ही उपाशी जाऊ नका."

इनव्हर्नेसहून बस अर्ध्या तासात पोचवते. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचं केंद्र आहे, त्याला तिकीट. माळरानावर फिरायला काही लागत नाही. पण केंद्र आधी पाहा. एका लांब दालनात एका भिंतीवर सरकारची बाजू, समोरच्या भिंतीवर जॅकोबाइटांची, आणि आपण मधून चालत त्या दिवसापर्यंत पोचतो. शेवटी एका चौकोनी खोलीत चारही भिंतींवर लढाई होते आणि आपण तिच्या मधोमध उभे असतो. माझ्या शेजारचा दहा-बारा वर्षांचा मुलगा वडिलांचा हात घट्ट धरून होता.

१५ एप्रिल हा कंबरलंडचा वाढदिवस. त्याची छावणी नेर्नला होती. त्यानं सगळ्या सैन्याला ब्रँडी वाटली. सैनिकांच्या पोटाकडे तो लक्ष द्यायचा, आणि ते त्याच्यावर जीव टाकायचे, हेही खरं आहे. जॅकोबाइटांनी ठरवलं, शत्रू प्यालेला असेल, रात्रीतून छापा घालू. उपाशीपोटी काळोखात, दलदलीतून मैलोन् मैल चालत निघाले. पहाट होत आली, नेर्न अजून दूर होतं, मागे फिरले. परत येऊन जमिनीवर पडले तोच सरकारी फौज येत असल्याची वर्दी आली. शिवरायांच्या गनिमी काव्याचे धडे शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे, छापा अर्ध्यावर सोडला तर तो छापा घालणाऱ्यालाच महागात पडतो. इथे ते डोळ्यांपुढे दिसलं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन होतं. दहा मिनिटांत आभाळ भरलं आणि गारांसारखा बारीक बर्फमिश्रित पाऊस आडवा यायला लागला. निळे झेंडे जॅकोबाइटांची रांग दाखवतात, लाल झेंडे कंबरलंडची. मी निळ्या झेंड्यापाशी उभी होते आणि पाऊस थेट डोळ्यांत जात होता. त्या दिवशीही वारा असाच त्यांच्या तोंडावर होता. लेक म्हणाली, "आई, परत जाऊ या का?" मी म्हटलं, "नाही गं, इथूनच चालू."

निळ्यापासून लाल झेंड्यापर्यंत चालत गेलो. झुडपी माळ, पायाखाली भिजलेलं शेवाळ, बूट रुततात. हायलंडरांची रीत म्हणजे एक बार काढायचा, बंदूक टाकायची आणि तलवार-ढाल घेऊन धावत सुटायचं. आधीच्या दोन लढायांत सरकारी रांगा त्यानंच फुटल्या होत्या. कंबरलंडनं अबर्डीनला सहा आठवडे थांबून आपल्या शिपायांना स्थिर उभं राहायला शिकवलं. समोरच्या हल्लेखोरावर नाही, तर उजवीकडच्या जोडीदारावर तलवार उगारलेल्या माणसाच्या उघड्या कुशीत संगीन खुपसायची, असं त्यांना पढवलं होतं म्हणतात. म्हणजे माझा जीव डावीकडच्या माणसाच्या हाती, आणि उजवीकडच्याचा माझ्या. आधी तोफांनी रांगेतच माणसं पडली, मग धाव सुरू झाल्यावर छर्ऱ्यांनी. तासाच्या आत सगळं संपलं. जॅकोबाइट दीड हजारांच्या घरात गेले, सरकारी बाजूचे पन्नासेक जागीच ठार. केंद्राच्या बाहेरच्या एका लांब भिंतीतून दगड पुढे आलेले आहेत, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. आधी एक छोटा तुकडा लागतो, आणि मग भिंत संपतच नाही.

कंबरलंडची फौज म्हणजे नुसते इंग्रज असा समज असतो. तसं नाही. तिच्यात स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्बेल कुळाचे हायलंडर होते. एकाच घरातले भाऊ दोन्हीकडे होते. आपल्याकडच्या भाऊबंदकीची सवय असलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

माळाच्या मध्यावर थडग्यांचे दगड. १८८१ मध्ये बसवलेले, ओबडधोबड, प्रत्येकावर कुळाचं नाव. फ्रेझर, मॅकिंटॉश, कॅमरून. एकावर नुसतं 'मिश्र कुळं'. दरवर्षी १६ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी इथे गेलिक भाषेत प्रार्थना होते. ती होऊन चार दिवस झाले होते. दगडांपाशी फुलं, टार्टनच्या, म्हणजे कुळांच्या चौकटीच्या कापडाच्या चिंध्या, पाण्यानं शाई उतरलेल्या चिठ्ठ्या. एक बाई कॅनडाहून आलेल्या होत्या, फ्रेझर घराण्यातल्या. दगडाला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या कुळाच्या? मी सांगितलं, मी भारतातली, तुमच्या माणसांशी आमच्या गावाजवळ लढाई झाली होती. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते तुमच्यापर्यंतही पोचले." मी त्यांना ओटकेक दिला. दोघी पावसात उभ्या राहून खाल्ला.

पूर्वी रस्ताच या थडग्यांमधून जायचा. १९८० च्या दशकात तो उचलून बाजूला नेला. सरकारी मृतांसाठीही एक दगड आहे, 'इंग्रजांचं शेत' अशा अर्थाचा लेख असलेला. त्याच्यापाशी मला एकही फूल दिसलं नाही. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी फ्रेझरांच्या दगडापाशी ठेवायला आणलेली दोन डॅफोडिल्स होती, त्यातलं एक तिथे ठेवलं. तीही कुणाची तरी लेकरंच.

पण लढाईमुळे हा माणूस खाटीक ठरला नाही. लढाईत माणसं मरतात. पुढे जे झालं त्यामुळे ठरला. जखमींना माळावरच मारलं गेलं. शत्रूनं आपल्याला जीवदान न देण्याचा हुकूम काढला होता, असं कारण दुसऱ्या दिवशीच्या आज्ञेत दिलं. ज्या कागदावर हे बेतलं होतं त्यात ती ओळ मागाहून घुसडलेली होती, असं इतिहासकार दाखवतात. साडेतीन हजारांच्या आसपास कैदी धरले. १२० जणांना देहदंड, नऊशेहून अधिक जणांना समुद्रापार वसाहतींत धाडलं. मी शिक्षक म्हणून दोन्ही बाजू मांडायला बांधलेली आहे, आणि मांडल्या. तरी माझं मत विचाराल तर रणांगणावर त्यानं जे कमावलं ते पुढच्या दोन दिवसांत घालवलं.

कंबरलंड स्टोन नावाची एक प्रचंड शिळा रस्त्याच्या कडेला थोड्या अंतरावर आहे. त्यावर चढून त्यानं लढाई पाहिली असं म्हणतात. तिथे जाऊन येईपर्यंत परतीची बस गेली. थांब्यावर कुडकुडत उभ्या होतो तर एका वयस्कर जोडप्यानं गाडी थांबवून थेट दारापर्यंत सोडलं. बसच्या वेळा आधी नीट पाहून ठेवा, आणि उन्हाळ्यातसुद्धा वाऱ्यापावसाचं जाकीट हवंच. छत्री नेऊ नका, माळावर ती उलटी होते.

सहावा दिवस : फोर्ट ऑगस्टस

लॉख नेस या लांबट सरोवराच्या काठानं बस तासाभरात पोचते. बसमधले सगळे पाण्यात राक्षस शोधत होते.

गावाचं मूळ गेलिक नाव किल् खुमेन. जनरल वेडनं इथे किल्ला बांधला आणि कोवळ्या राजपुत्राच्या नावावरून त्याला ऑगस्टस म्हटलं. हे बंडाच्याही आधीचं. कलोडननंतर मे महिन्यात कंबरलंडनं इथेच तळ दिला आणि आसपासच्या खोऱ्यांत तुकड्या सोडल्या. घरं जाळली, गुरं हाकून आणली. हजारोंनी गुरं इथे जमवून दक्षिणेच्या व्यापाऱ्यांना विकली.

हे वाचलं होतं, पण काठावर उभं राहिल्यावर वेगळंच कळलं. दोन्हीकडे उभे डोंगर, मातीचा थर पातळ, पीक कसलं येणार? माणूस जगायचा तो गुरांवर. आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात वडिलांनी दावणीची बैलजोडी विकली तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. आई गोठ्याकडे बघायची नाही. इथे तर शेवटची गाय गेली म्हणजे हिवाळ्यात मरणच. फाशीच्या आकड्यांपेक्षा या गुरांनी मला जास्त हलवलं.

किल्ल्याच्या जागेवर पुढे मठ झाला, तोही बंद पडून आता राहत्या सदनिका आहेत. गावातून कॅलिडोनियन कालव्याचे पाच लॉक, म्हणजे पाणी चढवण्या-उतरवण्याचे दारांचे टप्पे, जिन्यासारखे खाली उतरतात. बोटी पायरी पायरीनं लॉखमध्ये जाताना बघत बसलो. स्मोक्ड हॅडॉक माशाचं, दूध-बटाट्याचं कलन स्किंक नावाचं सूप लेकीनं घेतलं. मी शाकाहारी हॅगिस खाल्लं, ओट, डाळ आणि मिऱ्यांचं. चांगलं लागतं, वर थोडा ठेचा हवा होता.

सातवा दिवस : फोर्ट जॉर्ज

पुन्हा बंड होऊ नये म्हणून सरकारनं मोरे फर्थच्या खाडीत शिरलेल्या जिभेवर हा किल्ला बांधला. १७४८ ला सुरू, १७६९ ला पुरा. अंदाज ९२ हजार पौंडांच्या घरातला, खर्च २ लाखांच्या वर गेला. तोवर हायलंडमध्ये लढायला कुणी उरलंच नव्हतं. इथून कधीही एक गोळी चालवावी लागली नाही. कंबरलंडही तो पुरा व्हायच्या चार वर्षं आधी मेला. १७५७ मध्ये जर्मनीत हास्टेनबेकला हरल्यावर त्यानं फ्रेंचांशी क्लोस्टरझेव्हनचा तह केला. वाटाघाटीचे अधिकार वडिलांनीच दिले होते, तरी त्याच वडिलांनी भर दरबारात म्हटलं, यानं माझा नाश केला आणि स्वतःची नाचक्की केली. त्यानं सगळी पदं सोडली आणि विंडसरला घोडे पाळत राहिला.

तटावरून चालताना गवताचे उतार, तोफा, तिन्ही बाजूंनी पाणी. पाण्यात डॉल्फिन दिसतात म्हणतात. आम्ही खूप वेळ थांबलो, पण दिसले नाहीत. अजूनही इथे लष्कराचं ठाणं आहे, त्यामुळे काही भाग बंद असतो.

माझं खरं काम आतल्या हायलंडर पलटणींच्या संग्रहालयात होतं. कलोडननंतर शस्त्रं बाळगायला बंदी झाली, किल्टला, म्हणजे त्यांच्या घागऱ्यासारख्या पोशाखाला बंदी झाली, कुळप्रमुखांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले. किल्टवरची बंदी १७८२ पर्यंत टिकली. सूट फक्त एकाला होती, राजाच्या पलटणीत भरती होणाऱ्याला. बापाचा पोशाख घालायचा असेल तर बापाला मारणाऱ्याच्या सैन्यात जायचं. जॉन मॅकेंझी, लॉर्ड मॅक्लाउड, हा स्वतः ४५ च्या बंडात होता, कलोडनच्या आदल्या दिवशी पकडला गेला होता. त्यानंच १७७७ मध्ये राजासाठी पलटण उभी केली आणि ती भारतात हैदरअलीवर पाठवली गेली. १७९३ मध्ये दुसऱ्या मॅकेंझीनं, सीफोर्थच्या प्रमुखानं, ७८ वी पलटण उभी केली. हीच आमच्या अहमदनगरच्या पेठेच्या तटावर चढली, आणि हीच असईला केळनेच्या बाजूनं शिंद्यांच्या तोफांवर चालून आली.

कलोडनला आजे छर्ऱ्यांच्या तोंडी धावत गेले. ५७ वर्षांनी नातू तसेच छर्ऱ्यांच्या तोंडी धावत गेले. या वेळी तोफा आपल्या होत्या.

एका काचेच्या कपाटात बोटाएवढा धातूचा हत्ती होता, सीफोर्थ हायलंडरांच्या गळपट्टीवरचं चिन्ह. वर असईचं नाव. माझे डोळे भरून आले आणि ते का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. लेकीनं पाठीवर हात ठेवला, "आई, बस थोडं."

देखरेखीला एक निवृत्त शिपाई होते, सत्तरीचे. खुर्ची घेऊन आले. मी कुठून आले ते लेकीनं सांगितलं. त्यांनी कपाटाकडे पाहून विचारलं, "ते नाव तुमच्याकडे कसं म्हणतात? आम्ही सगळे असाये म्हणतो."

"असई," मी म्हटलं.

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग खिशातली वही काढली आणि म्हणाले, लिहून द्या. मी देवनागरीत लिहिलं, खाली त्यांनी आपल्या लिपीत उच्चार टिपला. तिथे आता काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कपाशी, मका, मिरची. नदीला पाणी पावसाळ्यात. नांगरताना कधी कधी लोखंडी गोळा निघतो आणि पोरं तो शाळेत घेऊन येतात.

"मग तुम्ही त्याचं काय करता?"

"टेबलावर ठेवून धडा शिकवते. शिकवायचे."

त्यांनी वही मिटून खिशात ठेवली आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. चारची बस होती.